टेकडीच्या वळणावरचा कॉल

३ मार्च
ताई आज माझ्याशी धड बोललीच नाही. ती अँब्युलन्सवर नर्स आहे. काल टेकडीच्या वळणावर तिचा फोन कट झाला. पलीकडून हॉस्पिटलचे डॉक्टर औषध किती द्यायचं ते सांगत होते — आणि आवाज गुल! पुन्हा लागेपर्यंत पेशंट गेला. जेवताना एवढंच म्हणाली, "तुमचंच नेटवर्क ना?" हो, मी काम करते त्याच कंपनीचं.

४ मार्च
साहेब म्हणतात, "त्या रस्त्याचा रिपोर्ट स्वच्छ आहे." असणारच! मीच केलाय. गाडीत कॉल चालू ठेवून फिरायचं, एका टॉवरने सोडला की पुढच्याने झेलला का ते बघायचं — हेच तर माझं काम. वळणावर दरवेळी झेलला जातो. मग ताईचाच कसा तुटतो? पण सोडणार नाही मी.

७ मार्च
पुन्हा गेलो. कॉल तुटला नाही. आमचा ड्रायव्हर वैतागला, "मॅडम, खड्डेसुद्धा पाठ झाले!"

८ मार्च
सापडलं! आणि काय हा मूर्खपणा! आम्ही ऑफिसातून निघतो, टेकडी चढतो, वर चहा पितो. मग मोजायचं मशीन बंद आणि गप्पा हाणत खाली. वर्षानुवर्षं हेच! उतरताना कुणी मोजलंच नाही. अँब्युलन्स मात्र वरून पेशंट घेऊन खाली हॉस्पिटलात येते.

आज चहाला फाटा दिला, मशीन चालू ठेवून उतरलो — वळणावर फटकन कट. खालच्या टॉवरला वरचा ठाऊक आहे, वरच्याला खालचा शेजारी आहे हे कुणी सांगितलेलंच नाही. मग तो कॉल देणार कुणाकडे? स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या.

१० मार्च
साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात घेऊ." मी खुर्ची ओढून समोर बसले. "आजच घ्या. तोवर उठत नाही." त्यांनी कपाळाला हात लावला, पण परवानगी दिली. दुपारपर्यंत दुरुस्ती झाली. उतरताना कॉल टिकला! किंचाळलेच मी.

१३ मार्च
काहीतरी बिनसलंय. ऑफिसातल्या नोंदी पाहिल्या, अँब्युलन्सच्या नंबरवरून त्या वळणावर एकही कॉल नाही. ताईला विचारलं. "आम्ही आता लांबच्या रस्त्याने येतो. काका ऐकत नाहीत." काका म्हणजे त्यांचे ड्रायव्हर. म्हणजे पेशंटला आणखी उशीर! म्हटलं, अगं, दुरुस्त झालंय. तर म्हणते, "रिपोर्ट तेव्हाही स्वच्छच होता." खरंच आहे तिचं.

१४ मार्च
काकांना आमच्या गाडीत बसवलं. फोन त्यांच्या हातात, पलीकडे त्यांची बायको. चढलो, उतरलो, परत चढलो, परत उतरलो. काकू बोलतच होत्या! काका म्हणाले, "हिला गप्प करणारं एक वळण होतं, तेही घालवलंत!" हसून हसून पोट दुखलं. पण त्या रस्त्याने याल ना विचारलं, तर नुसतं "बघू."

१९ मार्च
ताईचा फोन. आधी एक बारीकसं रडणं ऐकू आलं, मग तिचा आवाज — "ऐकलंस? मुलगी! वळणावरच झाली! डॉक्टर शेवटपर्यंत फोनवर होते गं!"