‘अँग्विश’ची तिसरी साक्ष

सोमवार
नोकरी लागली एकदाची! शब्दकोशाचं कार्यालय, मला स्वतंत्र खोली. हौसेने पावलांनी मोजली: लांबी बारा, रुंदी आठ. मुख्य संपादकांनी पहिलंच काम दिलं ते ‘अँग्विश’ या इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचं. अँग्विश म्हणजे तीव्र यातना. इथली पद्धत मोठी गमतीची. प्रत्येक अर्थाला तीन साक्षी लागतात, पण पुस्तकातून उचललेल्या चालत नाहीत. ज्याने भोगलं त्यानेच कार्डावर स्वतःच्या हाताने लिहायचं. म्हणून नव्या माणसाने रोजनिशीही कार्डांवरच लिहावी म्हणे. मी म्हटलं, कोशात घालण्याजोगं दुःख माझ्याकडे कुठलं! ते काही हसले नाहीत.

शनिवारी दादा चिमीला इथेच आणून सोडणार आहे. वर्षभर मामाकडे राहिलेली माझी सहा वर्षांची लेक आता माझ्याजवळ राहील. नुसत्या विचारानेच बरं वाटतं.

मंगळवार
मूळ सापडलं. लॅटिनमध्ये ‘अँगुस्तिया’, म्हणजे अरुंद जागा. मनाची तगमग हा अर्थ मागाहून आला, आधी नुसती जागाच कमी पडायची.

या जुन्या अर्थाच्या दोन साक्षी खणात मिळाल्या. पहिली: ‘भिंत छातीला टेकली होती. सहकारी आत आला आणि ती माझ्यावरून सुटली. मग तो ओरडू लागला.’ दुसरी वेगळ्या अक्षरात, दोनच शब्दांची: ‘मला इथून’. कुणाची तरी थट्टा असणार. तिसरी साक्ष नाही.

बुधवार
रुंदी सात पावलं. सोमवारी मोजण्यात चुकले असेन.

गुरुवार
पाच. संपादकांना सांगितलं. शब्द अर्धवट टाकता येत नाही, म्हणाले. नोकरी गेली तर चिमी पुन्हा मामाकडे. मुकाट्याने येऊन बसले.

शुक्रवार
दार आत उघडतं. टेबल त्याला भिडलंय, वीतभर फट राहते. मी त्यातून मावत नाही. ओरडून घसा बसला. शिपाई फटीतून पाणी देतो, डोळे पुसत म्हणतो, बाई, साक्ष पुरी करा.

शनिवार, सकाळ
उभीच आहे. कार्ड भिंतीला टेकवून लिहितेय. हात थांबवावा म्हटलं तरी थांबत नाही.
दुसरं कुणी आत आलं की भिंत सुटते, हे मला माहीत आहे. म्हणूनच शिपायाला हात जोडले — चिमीला वर आणू नका, दादाबरोबर परत पाठवा —

दुपार
दादा खालूनच गेला. जिन्यावर तिची पावलं.
हाक मारायची नाही. हाक ऐकली की येईल —
संपादक तिला सांगतायत, आई आत आहे.
येऊ नकोस बाळा, मी ओरडलेच — आणि आवाज ऐकून तिने फटीत डोकं घातलं. एवढीशी आहे. सहज मावली.

सुटली. भिंत सुटली माझ्यावरून. छाती भरून श्वास आला — बरं वाटलं, किती बरं वाटलं मला —

चिमी म्हणतेय, आई, लिहू नको ना, मला ओढ, मला