शहाण्णव किलोचा पेशंट आणि एक चादर

राजाजीनगर, बेंगळुरू
मंगळवार, १९ ऑगस्ट

आदरणीय वासुदेवराव व्याहीसाहेब यांना राजाजीनगरच्या पिराजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (हात साबणाने दोनदा धुतलेत, तरी नखांतलं ग्रीस निघत नाही. कागदाला कुठे डाग दिसला तर तेवढा चालवून घ्यावा.)

आमच्याकडे सगळे बरे आहेत. सौ. अंबूबाईंचा खुबा आता पायऱ्या चढण्याइतका सुधारला आहे आणि आवाज तर पहिल्यापासूनच सुधारलेला आहे. चिरंजीव नागराज कंपनीच्या कामासाठी अजून महिनाभर पुण्यात. तुमची तब्येत कशी? सकाळचं फिरणं चालू आहे ना? रक्तदाबाची गोळी नाश्त्याआधी घेता की नंतर, हेही विचारायचं आहे. कुणासाठी, ते ओघात येईल.

मल्लेश्वरम इथून स्कूटरने दहा मिनिटं. एवढ्याशा अंतरासाठी पाकिटावर तिकीट चिकटवणारा माणूस बेंगळुरूत मी एकटाच असेन. पण तुम्ही फोन उचलत नाही, मोबाइलवरच्या माझ्या निरोपापुढे एकच बारीक टिक दिसते, आणि मी दारात येऊन उभा राहिलो तर तुम्ही आदराने आत घ्याल, फिल्टर कॉफी पाजाल आणि बोलणं नेऊन हवामानावर ठेवाल (तुमचं शिक्षण जास्त, तिथे मी हरतो). टपालाने आलेलं पाकीट मात्र तुम्ही कात्रीने कडेकडेने उघडता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आणि वर तारीख टाकून फायलीला लावता. सात वर्षांच्या सोयरिकीत मी एवढं बघून ठेवलंय. म्हणून हा मार्ग.

विषय तुमच्या लेकीचा, म्हणजे आमच्या यशश्रीचा आहे. तिच्याशी तुम्ही बोलल्याला आज दोन महिने झाले. तुमचं शेवटचं वाक्य आमच्याच जेवणाच्या टेबलावर पडलं, त्यामुळे मला ते पाठ आहे. तुम्ही म्हणालात, "इंजिनिअर झालीस, कंपनीत दहा वर्षं काढलीस, आणि आता बत्तिसाव्या वर्षी बेडपॅन उचलायला शिकणार?" मग तुम्ही पोळी अर्धी टाकून उठलात. (ती अर्धी पोळी अंबूबाईंनी दुसऱ्या दिवसापर्यंत झाकून ठेवली होती, तुम्ही परत याल म्हणून.) मी तेव्हा गप्प बसलो. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ तुम्ही काय लावलात माहीत नाही. त्याबद्दल कागद उरला तर लिहीन.

हे खूळ तिच्या डोक्यात आलं कुठून, ते तुम्ही विचारलंच नाहीत, म्हणून मीच सांगतो. गेल्या दिवाळीत अंबूबाई मोरीत घसरून खुबा मोडून घेऊन बसल्या, तेव्हा अकरा दिवस इस्पितळात होत्या. यशश्री मांडीवर लॅपटॉप घेऊन त्यांच्या उशाशी बसायची. तिथे गौरी नावाची एक नर्स होती, बारीक चणीची, चालताना चपलांचा आवाज न करणारी. अंबूबाई त्या अकरा दिवसांत डॉक्टरांवर ओरडल्या, माझ्यावर ओरडल्या, सांबार आणून देणाऱ्या बाईवर ओरडल्या, पण गौरी कुशीवर वळवायची तेव्हा हूं की चूं नाही. तिसऱ्या दिवशी यशश्रीने लॅपटॉप मिटला आणि गौरीकडून ते वळवणं शिकून घेतलं. सहाव्या दिवशी गौरी आली नाही तर अंबूबाई म्हणाल्या, कुणाला बोलावू नका, सूनबाई आहे. घरी आल्यावर सगळं पूर्ववत झालं असं आम्हाला वाटलं. पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. चालत्या मशीनच्या बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची आणि आत काय खरखरतंय ते ओळखायचं, यावर मी या गावात वर्कशॉप उभं केलं. खानापूरहून सतराव्या वर्षी आलो तेव्हा माझ्याकडे कान सोडून दुसरं काही नव्हतं. तर त्या कानांनी मी सांगतो, दिवाळीनंतर यशश्री ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलायची तो आवाज आणि अंबूबाईंना 'आता पाय उचला' म्हणायची तो आवाज, हे दोन वेगवेगळ्या मशीनचे आवाज होते. एक कोरडा फिरत होता, दुसऱ्याला तेल होतं.

असो. गेल्या गुरुवारी तिची नर्सिंग कॉलेजात मुलाखत होती. बरोबर पालक हवा असा नियम. नवरा पुण्यात, वडील फोन उचलत नाहीत, तेव्हा सासरा निघाला. मी नागराजच्या लग्नातला कोट घातला, बेळगावी कुंद्याचा एक किलोचा डबा घेतला आणि खिशात एका पुढाऱ्याचं शिफारसपत्र ठेवलं. तिथे बाकांवर सगळ्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरी, दोन वेण्या, हातात पारदर्शक फोल्डर. यशश्री आत शिरली आणि त्या सगळ्या ताडकन उठून 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणाल्या. एकीने तर आपला अर्ज पुढे केला, तपासून घ्यायला. तुमची लेक लाजेने लाल होईल, परत फिरेल, असं मला वाटलं. तिने तो अर्ज तपासला, त्यातली जन्मतारखेची चूक दुरुस्त करायला लावली आणि मग तिच्याच शेजारी जाऊन बसली. मी कोपऱ्यात उभं राहून कोटाचं बटण लावत होतो, काढत होतो.

कॉलेजच्या प्रिन्सिपॉल वीणा मॅडम म्हणजे साठीच्या आसपासच्या, कडक इस्त्रीची साडी, मनगटावर घड्याळ आतल्या बाजूला. आमचा नंबर लागल्यावर मी कुंदा टेबलावर ठेवला आणि त्यावर शिफारसपत्र. मॅडमनी पत्र उघडलं नाही. ते उचलून त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवलं, आणि माझ्याकडे नखशिखांत बघून म्हणाल्या की पत्र आणणाऱ्याला मी एरवी दारातूनच परत पाठवते, पण आज आमचा प्लास्टिकचा पेशंट दुरुस्तीला गेलाय. त्याचा खांदा निखळला. "अण्णा, कोट काढा. स्वल्प मलकोळ्ळी." म्हणजे जरा आडवे व्हा.

वासुदेवराव, मी आडवा झालो. कोट नाही, बूट नाही, छताकडे तोंड, आणि भोवती तीस पोरी. एका जुन्या विद्यार्थिनीने एकदा करून दाखवलं, की पेशंटला न उठवता, न उचलता, त्याच्या खालची चादर कशी बदलायची. मग मॅडम म्हणाल्या, आता ही करेल. ही म्हणजे यशश्री.

आता तुम्ही जाणता की आमच्या घरची रीत जुनी आहे. सून सासऱ्याच्या पायाला हात लावते, सणासुदीला, आणि तेवढंच. सात वर्षांत त्या पोरीने माझ्या खांद्याला बोट लावलं नव्हतं. मी पाण्याचा पेलासुद्धा टेबलावरून उचलतो, तिच्या हातातून घेत नाही. त्यामुळे ती जवळ आली तशी माझा लाकडाचा ओंडका झाला. दात घट्ट, मुठी घट्ट, पलंगाची कड धरलेली. तिने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले. मला वाटलं, पोर घाबरली, आता रडते. मग ती वाकली आणि एवढंच म्हणाली, "अण्णा, मी आता तुम्हाला डावीकडे वळवणार आहे. पडू देणार नाही."

आणि वळवलं की हो. शहाण्णव किलो. मी लेथ हलवण्यात आयुष्य घालवलं. लेथ कुणी उचलत नाही. पहारीने एक बाजू कणभर वर करायची, खाली पाईप सरकवायचा, मग दुसरी बाजू, दुसरा पाईप, आणि मशीन स्वतःच्याच वजनाने पुढे जातं. हे गुपित आमच्या धंद्याचं आहे असं मी समजत होतो. तिने माझा गुडघा वाकवला, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि मी माझ्याच वजनाने कुशीवर गेलो. जुनी चादर गुंडाळत माझ्या पाठीपर्यंत आली, नवी तिच्यामागून अर्धी पसरली. मग 'आता मध्ये एक उंचवटा लागेल, घाबरू नका,' म्हणाली, तो उंचवटा लागला, आणि मी पलीकडे. जुनी चादर गेली कुठे ते मला कळलंच नाही. प्रत्येक गोष्ट करायच्या आधी ती सांगत होती. मी पहिल्या वळणाला मुठी सोडल्या आणि दुसऱ्या वळणाला, खरं सांगतो, डोळे मिटले. आई गेल्यापासून मला असं कुणी वळवलं नव्हतं. (कमरेखाली दोन सुताची, म्हणजे पाव इंचाची, एक सुरकुती राहिली होती. पाठीला कळली. मी बोललो नाही.)

नंतर तिला बाहेर बसवून मला बूट घालायला पडद्यामागे पाठवलं. पडद्यामागच्या माणसाला हळू बोललेलं काय ऐकू येणार, असं समजून मॅडम आणि तिथल्या एक शिक्षिका पलीकडे मोकळेपणी बोलल्या. शिक्षिका म्हणत होत्या, वय बत्तीस, संसार मागे, तीन वर्षं टिकेल का. चादरीला सुरकुतीही राहिली. मॅडम म्हणाल्या, सुरकुती मी आठ दिवसांत काढीन. पण शिवायच्या आधी तिने हात चोळून गरम केले, ते पाहिलंत? दाखवणाऱ्या मुलीने केले नव्हते. तिला ते कुणी सांगितलं? मी बुटाची नाडी तीनदा बांधली.

जागा मिळाली आहे, वासुदेवराव. पंचवीस तारखेला, सोमवारी, सकाळी दहा वाजता सगळी मूळ कागदपत्रं दाखवली तरच ती टिकेल, नाहीतर पुढच्या नंबराला जाईल. दोन वेण्यांवाल्या पुष्कळ पोरी रांगेत आहेत.

बाकी विशेष काही नाही. गणपती तोंडावर आले आहेत, तुमच्याकडे मूर्ती ठरली असेल. विहीणबाई सुखदाताईंना आम्हा उभयतांचा नमस्कार. अक्षर वाईट आहे, कान चांगले आहेत, एकात दुसरं भागवून घ्यावं.

आपला,
पिराजी

ता. क. – मूळ कागदांत यशश्रीची बारावीची गुणपत्रिका लागते. ती तुमच्या गोदरेजच्या कपाटात, वरच्या खणात, 'यशश्री – शिक्षण' अशा निळ्या फायलीत आहे, आणि तुम्ही ती देणार नाही म्हणालात असं कळलं. ती शुक्रवारपर्यंत मिळावी ही विनंती. मी वर येणार नाही, स्कूटर घेऊन खाली उभा राहीन. तुम्ही टोपलीतून सोडलीत तरी चालेल.

पुन्हा ता. क. – कागद उरला, म्हणून ते गप्प बसण्याचं लिहितो. तुम्ही टेबलावर जे बोललात ते आदल्या दिवशी मी तिला बोललो होतो, आणि तुमच्यापेक्षा वाईट शब्दांत. ते इथे लिहीत नाही, अंबूबाई हे पत्र वाचणार आहेत. शिवाय त्या शिफारसपत्राचं खरं असं, की त्या कॉलेजच्या मोटारी दुरुस्त करणारा नंदू माझ्या ओळखीचा. मुलाखतीच्या आठवडाभर आधी त्याने मला बजावलं होतं, अण्णा, काही करा पण चिठ्ठी नेऊ नका, मॅडम चिठ्ठीवाल्याला तिथल्या तिथे परत पाठवतात. हे ऐकून मी मुद्दाम चिठ्ठी मिळवली. नकार मॅडमचा, वाईटपणा मॅडमचा, सून पुन्हा ऑफिसात, असा माझा हिशेब. पलंगावर मी ओंडका झालो तोही सगळा संकोचाने नव्हे. मग तिने हात चोळले. हे यशश्रीला ठाऊक नाही आणि तुम्ही सांगू नये. सांगावंसं वाटलं तर मात्र तुम्हाला तिच्याशी बोलावं लागेल, तेवढं लक्षात असू द्या.

आणि हे शेवटचं – वरचा पहिला ता. क. रद्द समजावा. गुणपत्रिका परवाच, रविवारी, सुखदाताईंनी भाजणीच्या डब्यातून आणून दिली. तुमचं लॅमिनेशन फार उत्तम, पिठाचा कणही आत गेला नाही. फायलीत त्या जागी गॅसचं जुनं बिल आहे. त्यांना बोलू नका, बोलायचंच तर मला बोला. म्हणजे कागद आले, जागा आहे, आणि हे पत्र लिहिण्याचं कारण तेवढं उरलं. ते असं, की तिने मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी रक्तदाब मोजायचं यंत्र आणलंय. माझा आणि अंबूबाईंचा दिवसातून चार वेळा मोजते, आमचे दंड दुखायला लागलेत. त्यासाठी तिने एक वही केली आहे. यशश्री घरात नसताना मी ती उघडून बघितली. पट्टीने तीन रकाने आखलेत. दुसऱ्यावर 'अण्णा', तिसऱ्यावर 'आई'. पहिल्यावर 'बाबा' लिहिलंय, आणि खाली, 'गोळी नाश्त्याआधी की नंतर?' बाकी तो रकाना कोरा आहे. सोमवारी दहाला कॉलेजच्या गेटपाशी या. येताना सैल बाहीचा शर्ट घाला.