साहेबांना दिलेले पाणी

प्रति,
मा. तालुका विकास अधिकारी,
तालुका पंचायत कार्यालय,
जि. सुरत.

विषय : मौजे सणोली येथील मराठी शाळेस पिण्याच्या पाण्याचा हातपंप मंजूर करणेबाबत.
संदर्भ : शाळेचे यापूर्वीचे तीन अर्ज व त्यांवरील आपल्या कार्यालयाचे दोन शेरे.

महोदय,

१. शाळेच्या विहिरीसंबंधी हा माझा चौथा अर्ज आहे. सणोली हे गाव बमरोलीच्या पुढे आहे. शाळेतील मुले खानदेशातून यंत्रमागावर कामाला आलेल्या कुटुंबांची आहेत आणि शाळेत शिक्षिका मी एकटीच आहे. कापड रंगवण्याच्या कारखान्याचा नाला शाळेमागून वळवल्यापासून विहिरीच्या पाण्याला वास येतो, त्यावर फेस धरतो आणि त्यात डाळ शिजत नाही. मुले तेच पितात. दुसरे नाही.

२. माझ्या पहिल्या अर्जावरून आपले निरीक्षक साहेब गेल्या उन्हाळ्यात तपासणीस आले. येणार असल्याचे पत्र आगाऊ मिळाले होते, त्यामुळे गावाने तयारी केली. पालक सौ. प्रमिलाबाई सुकलाल पाटील या पहाटे रस्त्यापलीकडील छगनभाईंच्या वाडीवर गेल्या, तेथून घागर भरून आणली, पाणी गाळले आणि चिंचेने घासलेल्या तांब्यातून साहेबांपुढे ठेवले. उन्हातून आलेला माणूस, साहेब दोन पेले प्यायले. मीही काही बोलले नाही. उलट सगळे रीतीने झाले याचे मला बरे वाटले. नंतर शेरा आला : "पाणी स्वतः पिऊन पाहिले. गोड व थंड आहे. हातपंपाची आवश्यकता दिसत नाही."

३. ते पाणी शाळेचे नव्हते, असा खुलासा मी दुसऱ्या अर्जात केला. त्यावर खुलासा उशिरा आल्याचे कळवण्यात आले. म्हणून तिसरा अर्ज केला.

४. तिसरा अर्ज कार्यालयात असताना, श्रावणात, इयत्ता दुसरीतील वत्सला सुकलाल पाटील ही विद्यार्थिनी उलट्या व जुलाब होऊन वारली. ती प्रमिलाबाईंची मुलगी. सुरतेच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारले तेव्हा मी सोबत होते.

५. त्यानंतर साहेब दुसऱ्यांदा आले. या वेळी मी स्वतः विहिरीचे पाणी शेंदून तांब्यात भरले व टेबलावर झाकून ठेवले. प्रमिलाबाई येतील असे मला वाटले नव्हते, घरी सुतक नुकते फिटले होते. त्या डोक्यावर घागर घेऊन आल्या, तांब्यावरचे झाकण काढून पाहिले आणि पाणी दाराबाहेर ओतून दिले. मी अडवले. त्या जे बोलल्या ते त्यांच्याच अहिराणीत देते : "पोर गई म्हनीसन पाव्हनाले इख पाजू का, बाई?" इख म्हणजे विष. साहेबांपुढे वाडीवरच्या घागरीतलेच पाणी गेले.

साहेबांना मी सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. विहिरीकडे चिखल असल्याने ते तिकडे गेले नाहीत. शेरा : "वाडीवरून गोड पाणी आणण्याची सोय पालकांनी स्वखुशीने केलेली आहे. सबब सरकारी खर्चाचे कारण उरत नाही."

६. अशी सोय नाही. मी छगनभाईंना जाऊन भेटले. वाईट माणूस नाही, बसायला खाट दिली. त्यांचे म्हणणे : "साहेब आवे त्यारे लई जजो, बेन. रोज नहीं फावे." म्हणजे साहेब येणार असतील तेवढ्याच दिवशी पाणी मिळेल.

७. साहेब गेल्यावर घागरीत जे उरते ते मी मुलांना ओंजळीत वाटते. मुले त्याला साहेबाचे पाणी म्हणतात. पहिल्या खेपेस वत्सलेने दुसऱ्यांदा ओंजळ पुढे केली होती. इतरांना पुरायला हवे म्हणून मी तिला मागे बसवले. मला आता राग येत नाही. काही वाटेनासेच झाले आहे. असे अर्जात लिहू नये हे मला ठाऊक आहे.

८. तरी विनंती अशी की,

(अ) शाळेस हातपंप मंजूर व्हावा.

(आ) त्यापूर्वी तपासणी हवीच असल्यास साहेबांनी थेट विहिरीवर यावे व कोणी पाणी पुढे केल्यास घेऊ नये. प्रमिलाबाईंच्या मनाला ते लागेल. त्यांची समजूत मी काढीन.

(इ) वरीलपैकी काहीच शक्य नसल्यास, शाळेची तपासणी रोज ठेवावी. साहेबांनी प्रत्यक्ष येण्याचा त्रास घेण्याची गरज नाही. साहेब येणार असल्याचे पत्र रोज सकाळी शाळेत पोचले तरी पुरेल. ते मी छगनभाईंना दाखवीन.

उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सौ. उज्ज्वला अरविंद खांबेटे)
मुख्याध्यापिका, मराठी प्राथमिक शाळा, सणोली
दि. १७ नोव्हेंबर १९७२

सोबत :
१. या अर्जाची गुजराती प्रत.
२. दोन्ही शेऱ्यांच्या नकला.
३. शाळेच्या विहिरीच्या पाण्याची बाटली, बूच लाखेने बंद केलेली. कृपया कोणी पिऊ नये. ही बाटली साहेबांकडे जाणार आहे हे प्रमिलाबाईंना सांगितलेले नाही.