मार्लिसच्या खांद्याचा खटला

१४ ऑक्टोबर २०१६
परवा औषधांच्या दुकानात बायकोला, मार्लिसला, फ्लूची लस दिली. सुई फार वर, थेट सांध्यात गेली. उजवा हात वर जात नाही. लशीनं इजा झाली तर भरपाई देणारं न्यायालय वॉशिंग्टनमध्ये आहे. शेजारचा ड्वेन म्हणाला, वकील कर, हरलास तरी फी बहुधा सरकारी निधीतूनच जाते. असेल. पण डब्यूकच्या हायस्कुलात उभा जन्म लॅटिन, म्हणजे कायद्याचीच भाषा, शिकवलेल्या माणसानं वकील करायचा, म्हणजे आचाऱ्यानं खानावळ लावायची.

२ नोव्हेंबर
मार्लिस डॉक्टरकडे निघाली होती. अडवलं. पुरावा यथास्थित राहिला पाहिजे. दुखणं माझं आहे, म्हणाली. म्हटलं, होतं, आता ते न्यायप्रविष्ट आहे.

थँक्सगिव्हिंग
ओव्हनमधून टर्की काढताना तिचा हात अर्ध्यावर अडकला. उत्तम चित्रण मिळालं. टर्की पडली. मेव्हणी व्हर्ना म्हणाली, वकीलसाहेब, फोनऐवजी ट्रे धरला असतात तर चार घास मिळाले असते. प्रतिकूल साक्षीदार.

९ फेब्रुवारी
सलूनमधलं काम सुटलं. केस कापायला हात वर लागतो. उत्पन्नाचं नुकसान सिद्ध. मार्लिस रडत होती, म्हणून आनंद आवरला.

२० जून
अर्ज गेला. सही तिची, शैली माझी. आता तरी डॉक्टरकडे जाऊ का, विचारत होती. म्हटलं, निकालानंतर.

सप्टेंबर, बहुधा ६
सरकारी वकीलबाईंचा फोन. इतकं दुखत होतं तर बाई डॉक्टरकडे का गेल्या नाहीत, म्हणे. बालिश प्रश्न. सगळे व्हिडिओ पाठवले. प्रत्यक्ष प्रमाणापुढे डॉक्टरची चिठ्ठी ती काय.

१८ मे २०१८
अर्ज फेटाळला. नुसत्या पक्षकाराच्या सांगण्यावर भरपाई नाही. वैद्यकीय नोंद किंवा डॉक्टरचं मत हवं. न्यायाधीशांना लॅटिन येत नसावं.
मार्लिस दुपारीच डॉक्टरकडे गेली. ते म्हणाले, पहिल्याच हिवाळ्यात व्यायाम सुरू केले असते तर हात बहुधा मोकळा झाला असता. आता एवढाच. एवढाच म्हणजे कमरेच्या जरा वर.
घरी आल्यापासून स्वतःच्या कपड्यांच्या घड्या घालते आहे. निकाल मनाला लागला असणार.

१९ मे
व्हर्ना गाडी घेऊन आली. मार्लिसनं कपाटावरची सूटकेस काढून मागितली. हात पोचत नाही, म्हणाली. किती दिवसांनी माझी मदत मागितली. तत्परतेनं काढून दिली.
गाडी वळणाआड गेल्यावर लक्षात आलं, चित्रण राहिलं. अपिलात उपयोगी पडलं असतं.