माझ्या नावावर माझाच पहारा

३ जून
रोजनिशी माझी, अक्षर नातीचं, कारण मला लिहिता येत नाही. वाचून दाखवणारही तीच. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी पोरगी. ही वही कुठे ठेवली ते तिला आठवलं म्हणजे मिळवलं!
शेजारच्या रिटायर्ड कारकुनाच्या नावावर कुणीतरी मोटारसायकलचं कर्ज काढलं. त्याला साधी सायकल येत नाही. आपण सावध. घर माझ्या नावावर, म्हणून सूनबाईच्या शिवणाच्या दुकानासाठी मशिनचं कर्जही मीच काढतेय. नाव खराब झालं की मशिनं गेली. संकल्प: क्रेडिटवर स्वतः लक्ष ठेवणार. माझे मेसेज घरात कुणालाही दाखवणार नाही.

५ जून
फोनला मेसेज मोठ्याने वाचायला लावलं. कान जरा जड, म्हणून आवाज फुल्ल. मुलगा म्हणाला, आई, अगं, शेजारी ऐकू जातं. म्हटलं, त्यांना दुसरी कामं आहेत.

९ जून
दाताच्या डॉक्टरकडे फोनने माझा क्रेडिट स्कोअर जाहीर केला. एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाहेर कदर आहे, घरात नाही.

१२ जून, सकाळ
भाजीच्या दुकानात सभ्य गृहस्थ भेटले. म्हणाले, तुमचं वय वाटत नाही. मग जन्मतारीखच सांगितली, पूर्ण नावासकट. फुलांचे फोटो पाठवतो म्हणून त्यांनी नंबर घेतला. फुलं आली नाहीत, कसलासा कोड आला. फोनने खणखणीत वाचला. गृहस्थ भाजी न घेताच निघाले. कामाचा माणूस दिसतो.

१४ जून
फोन म्हणाला, टीव्हीचं कर्ज मंजूर. अर्ज तुमचा नसेल तर कळवा. बघा! पहारा कामाला आला. चोर ओळखीचाच असणार. नातीशिवाय कुणाला काही बोलले नाही. खिडकीत बसलेय. नवा टीव्ही कुणाकडे येतो, बघतेच.

१५ जून
टीव्ही कुणाकडेच नाही. संशय जावयावर. परवा उगाच हसत होता.

१७ जून
सूनबाईने मला बँकेत नेलं. तिने चौदा तारखेलाच फोनची आरोळी स्वयंपाकघरातून ऐकली होती. लगेच तक्रार करून टीव्हीचं कर्ज थांबवलं. मॅनेजरबाईंनी विचारलं, आजी, कोड कुणाला सांगितलात? म्हटलं, मी? एक अक्षर नाही. फोन बोलला. सूनबाई छताकडे बघत राहिली.
मशिनचं कर्ज वाचलं. पण यापुढे मेसेज तिच्या फोनवर. माझा फोन मुका.
असू दे. मी हरले नाही, पहारेकरी नेमलाय. जेवायला मात्र खाली येणार नाही. नातबाई, पेन ठेव आणि वर पाठवायला सांग: मऊ भात, उकडलेली अंडी. मीठ घालू नका म्हणावं, मीठदाणी वेगळी पाठवा. तेवढा कारभार अजून माझ्या हातात आहे.