डाव्या अंगठ्याचं उत्तर

प्रिय भुजंग बेटा,

तुझं पाकीट पोचलं. जाडजूड होतं, तर तुझ्या आईला, शिवकांताला, वाटलं लेकानं काही खाऊ धाडला. फोडलं तर भूकंपानंतर मिळालेल्या घराच्या विक्रीचे कागद. लातूरला तुझे स्वतःचे क्लासेस उघडायचे, घर शिवकांताच्या नावावर, म्हणून तिचा अंगठा हवा, हे तू मला फोनवर समजावलंच होतंस. ‘खाला, तुम्ही सांगितलं की ती ऐकते,’ म्हणालास. ऐकते बाबा. तू विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करत होतास तेव्हा ती नांदेडात मेसच्या भाकऱ्या थापायला आली आणि आमच्या गल्लीचीच झाली. ऐकणार नाही तर काय.

आधी तिच्या शिक्षणाची खबर ऐक. माझ्या शिलाईच्या खोलीत दुपारी बाया इंग्रजी शिकायला येतात. मी स्वतः दुकानांच्या पाट्या आणि गोळ्यांची पाकिटं वाचून शिकलेली, पण आंधळ्यात काणा राजा. बायांना पाटीवर एबीसीडी येते. फोन हातात दिला की रडकुंडीला येतात. तिथं अक्षरं ओळीनं कुठं असतात? लग्नाच्या पंगतीत घुसल्यासारखी, जागा मिळेल तिथं बसलेली. मी सांगते, ए मधल्या ओळीत डावीकडे, उंबऱ्यावरच्या सासूसारखा. ओ वर, उजव्या अंगाला. एन तळाशी, लांब पट्टीच्या डोक्यावर. बाकीच्या बोटानं शोधतात, शिवकांता डाव्या अंगठ्यानं. उजव्या हाताची बोटं भूकंपात दगडाखाली गेली हे तुला ठाऊक आहे. ती कुणाला ओढून काढताना गेली, हे तू तुझ्या क्लासच्या पोरांना सांगत नसशील. तू दोन वर्षांचा होतास तेव्हा.

तिला माझ्याकडे पाठवलं तूच. तुझा फोन वर्गातल्या स्पीकरला जोडलेला, चुकून तिच्या बोलून पाठवलेल्या निरोपावर तुझं बोट पडलं आणि भरल्या हॉलमध्ये तिचा आवाज घुमला, ‘भुज्या, जेवलास का रं? पोट साफ हाय न्हवं?’ पोरं लोळून हसली. तू तिला म्हणालास, आता बोलून पाठवू नको, इंग्रजीत लिहायला शीक, मग मेसेज कर. ती वेडी खरंच शिकायला आली की रे! ‘डिड यू ईट’ एवढं जमायला तिला अख्खा पावसाळा लागला. पाठवलं तर बरोबरची एकच खूण उमटली. तिला वाटलं, अक्षर चुकलं. पुन्हा लिहिलं. तिच्या शेजारी शिकायला बसणारी भामाबाई चिडवायची, ‘आगं, लेक मास्तर हाय तुजा, चुकलेली वही न्हाई तपासत!’ शिवकांताही हसायची आणि परत अंगठा चालवायची. रोज.

मग कागदांसाठी तुझा फोन माझ्या फोनवर आला. ती समोर बसून बटणं निवडत होती. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, ‘त्याचा फोन चालू हाय की.’ मी तुला ‘कागद पाठव’ असं लिहिलं, लगेच पोचल्याच्या दोन खुणा. तिनं वाकून पाहिलं, मग स्वतःचा फोन पाहिला. ‘म्हंजी मलाच बंद केलंय,’ म्हणाली. भामाबाईनं शिकवणी पुरी केली, ‘ब्लॉक म्हणत्यात त्याला.’ तो इंग्रजी शब्द मी तिला शिकवला नव्हता.

परवा कागद तिच्यापुढे ठेवले, शाईची डबीही उघडून ठेवली. तिनं डबी बाजूला सारली आणि फोन घेतला. मी काही सांगितलं नाही. तळाचा एन, वरचा ओ. पाठवलं. तुला हवा होता तोच अंगठा, आणि भाषाही तू सांगितलेलीच. ‘बरोबर लिवलं का?’ तिनं विचारलं. मी म्हणाले, एकही चूक नाही. पण खूण एकच. आता तू घाईघाईनं दार उघडशील, पण माझी नात बुशरा सांगते, दार बंद असताना आलेले निरोप नंतर उघडूनही आत येत नाहीत. सगळे ‘जेवलास का’ तुझ्या दाराबाहेरच मेले बेटा. उत्तर तेवढं तुला मिळायला हवं, म्हणून हे पत्र. सोबत कागद, जसे आले तसे. तिचं उत्तर आहे, नो.

जेवलास का, हे मीही विचारत नाही.

तुझीच,
हाजराखाला