तेरावी सीडी

मामांना भटक्या भाच्याचा वाकून नमस्कार (पायरीवर बसून लिहितोय, त्यामुळे निम्मा आधीच वाकलोय).

कंबर कशी आहे? मामीशी पथ्यावरून तह झाला की लढाई चालूच? मी ठणठणीत. मुक्काम ताईकडे. दोन दिवसांसाठी आलो होतो, पाचवा आठवडा चालू आहे.

पत्राचं कारण म्हणजे ताईने मला खोलीबाहेर काढलंय. "मामाला पत्र लिही, तेवढा वेळ तरी एका जागी बसशील," म्हणाली. आत तेरावी सीडी लावलीय. रेडिओच्या गायन-चाचणीसाठी तिचं गाणं आज पाचच्या आत सीडीवर पोचवायचंय. नोकरी आणि जुळी पोरं सांभाळून सात वर्षांनी ती गायलीय हो मामा, आणि काय गायलीय! रेकॉर्डिंग मीच केलं. वर छातीठोकपणे म्हणालो, सीडीचंही माझ्यावर सोड.

तिथेच घोडं अडलं. कॉम्प्युटर ताईच्या जुन्या शिवणयंत्राच्या टेबलावर असतो (यंत्र गेलं, टेबल आणि खालचं पायाचं पॅडल राहिलं). सीडी नव्वद टक्क्यांपर्यंत सुतासारखी सरळ जाते, मग ड्राइव्ह गुरगुरतो आणि पोराने औषध थुंकावं तशी तबकडी बाहेर काढतो. बारा सीड्या गेल्या. ताईने त्या पाखरं पळावीत म्हणून टोमॅटोच्या रोपांवर टांगल्यात. पाखरं त्यात तोंड बघतात आणि निवांत टोमॅटो खातात.

मी केबल बदलली, चष्म्याच्या फडक्याने ड्राइव्हचं भिंग पुसलं, सीडी लिहायचा वेग बावन्नपटीवरून चारपटीवर आणला. भाऊजी म्हणतात धूळ. शेजारचे वायरमनकाका म्हणतात व्होल्टेज (त्यांची गुडघेदुखीही व्होल्टेजमुळेच आहे. हे काका पूर्वी बोटीवर होते आणि एकदा भर समुद्रात... जाऊ दे, भेटल्यावर). कष्टांत मी कसूर केली नाही. प्रत्येक सीडीसमोर शेवटपर्यंत बसलो, नव्वदनंतर तर श्वास रोखून. तरी हे यंत्र माझ्यावर डूख धरून आहे.

तुमचा (निदान आजपुरता स्थिर) भाचा

ता. क. झाली! तेरावी झाली! मी लगेच सगळ्यांना सांगितलं, भिंग पुसलेलं शेवटी लागू पडलं.

ता. क. दोन. ताईने टेबलाखाली बोट दाखवलं. "अरे वेड्या, नव्वद झाले की तू पॅडल मारायला लागतोस. अख्खं टेबल थरथरतं. बाराव्या सीडीच्या वेळी माझ्या लक्षात आलं." भाऊजी अजून हसताहेत.

ता. क. तीन. सीडी लावून ऐकली. रेकॉर्डिंगच्या वेळीही मी तिथेच बसलो होतो. गाण्यामागे पहिल्यापासून शेवटपर्यंत खटक-खट, खटक-खट. मला घामच फुटला. ताईने डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "ठेका बरा धरलायस की रे. राहू दे." फॉर्मवर 'साथ' लिहिलेल्या रकान्यात तिने माझं नाव घातलं आणि भाऊजी सायकल हाणत निघाले. पावणेपाचला पोचले!

तर मामा, सीडी पसंत पडली तर पुढची फेरी पंधरा दिवसांनी, आणि तिथे मला परीक्षकांसमोर बसून साथीला वाजवायचंय. तुम्ही मला तुमच्या तबल्याच्या शिकवणीतून दुसऱ्याच दिवशी हाकललं होतं, आधी पाय स्थिर ठेवायला शीक म्हणून. हे पत्र टपालाने उशिरा पोचेल, म्हणून उद्या मीच घेऊन येतोय. दारात उभं करून वाचलंत तरी चालेल. पाय तसेच आहेत; हातांचं काही होतं का बघा.